उपासाचं चॉकलेट

माझी सगळी नोकरी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात झाली. लोकांना "अर्ज नीट भरून आणा" असं सांगता सांगता मी म्हातारा झालो, आणि घरी गॅस पेटवला तो फक्त चहापुरता, तोही बायको माहेरी गेली असेल तर. त्यामुळे निवृत्तीनंतर ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हॉट चॉकलेट करायला ओट्यापाशी उभा राहिलो तेव्हा भांडं कुठलं घ्यावं हेही मला ठाऊक नव्हतं. मी कढई काढली. मागे खुर्चीत बसलेल्या बायकोने चमच्याने खुर्चीच्या हातावर टकटक केलं आणि मान हलवली. कढई जागेवर गेली आणि जाड बुडाचं पातेलं आलं.

तिला बोलता येत नव्हतं. आधी तिचं बोलणं जड झालं, तोंडात घास असताना बोलावं तसं. सोसायटीतल्या बायकांना वाटलं, दात काढून घेतलेत. मग पाणी पिताना ठसका लागायला लागला, मग भाताचा, आणि मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचलो तोवर फक्त "अहो" एवढंच नीट उमटायचं. पुढे तेही गेलं. नसांचा आजार आहे, स्नायू एकेक करून काम सोडून देतात, असं डॉक्टर म्हणाले. यावर औषध नाही म्हणाले. मी विचारलं, "म्हणजे आपल्याकडे नाही?" ते म्हणाले, "कुठेच नाही." कार्यालयात मीही लोकांना पुष्कळ नकार दिले होते, पण शेवटी "पुढच्या महिन्यात चौकशी करा" एवढं तरी म्हणायचो.

त्याच दवाखान्यात गिळायचं कसं ते शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने समजावून सांगितलं, पातळ काही द्यायचं नाही, ते श्वासनळीत जातं. कोरडं किंवा कण असलेलं द्यायचं नाही, ते घशात अडकतं. मधाइतकं दाट, गुळगुळीत आणि अंगी लागेल असं द्यायचं. हनुवटी छातीकडे घेऊन एकेक चमचा, आणि प्रत्येक चमच्याला दोनदा गिळायचं. एवढं करूनही वजन उतरत गेलं तर पोटाला बाहेरून बारीक छिद्र पाडून नळी बसवावी लागेल आणि अन्न त्यातून द्यावं लागेल. पुष्कळ जण बसवतात, घाबरू नका, असंही ती म्हणाली. बायकोच्या बोटांत तेव्हा पेन धरण्याइतकी ताकद होती. तिने कागदावर लिहिलं, "नळी नको", आणि खाली जोरात रेघ मारली.

परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "नको तर नको. मी पाजीन तुला. नळीची वेळच येऊ देणार नाही." तिने माझा हात दाबला. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट महत्त्वाची उरली, ती म्हणजे तिच्या तोंडावाटे पोटात किती गेलं.

सुरुवातीला मी पेज केली, मिक्सरमध्ये वरणभात फिरवला, पालकाचं काहीतरी हिरवं केलं. ती ते गिळायची, पण नजर अशी असायची की मीच खजील व्हायचो. जन्मभर तिच्या हातचं खाऊन आमटीत मीठ कमी आहे म्हणणारा माणूस मी. आता माझा मिक्सर तिच्यापुढे होता आणि तिला नावं ठेवायलाही तोंड नव्हतं.

हॉट चॉकलेट आमच्या मुलीने सुचवलं. मुलगी कॅनडात असते, रोज संध्याकाळी फोन करते. मागे आली होती तेव्हा ती आईला इथल्याच आयटी पार्कजवळच्या एका कॅफेत घेऊन गेली होती. गळ्यात पट्टे आणि ओळखपत्रं अडकवलेल्या पोरांच्या गर्दीत ही नऊवारीच्या वयाची बाई पाचवारी सावरत बसली आणि कपातलं दाट चॉकलेट चमच्याने खाऊन म्हणाली, "ही तर खिरीची बहीण आहे. नोकरीला लागलेली." मुलगी अजून ते सांगून हसते. फोनवर म्हणाली, "बाबा, तेच करा ना. दाट असतं, गुळगुळीत असतं, आणि आईला आवडलं होतं."

यूट्यूबवरच्या बाईने ते चुटकीसरशी केलं. तिचं दूध उतू गेलं नाही, तिच्या कोकोच्या गुठळ्या झाल्या नाहीत, आणि सगळं झाल्यावर ती कॅमेऱ्याकडे पाहून हसलीही. माझा कोको दुधावर तरंगत राहिला, चिकणमाती टाकल्यासारखा. खुर्चीतून टकटक झाली. बायकोने वाटी दाखवली, मग दूध, मग बोटाने गोल गोल फिरवून दाखवलं. आधी वाटीत थोड्या थंड दुधात कोको कालवून घ्यायचा आणि मग पातेल्यात ओतायचा. असा माझा वर्ग सुरू झाला. दूध वर यायच्या जरा आधी तिची टकटक यायची आणि मी गॅस बारीक करायचो. पाठ दुधाकडे असली तरी चालायचं, कान तिच्याकडे असला की झालं.

हळूहळू आमचं चॉकलेट कॅफेतल्यापेक्षा कितीतरी सरस झालं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हशीचं दूध आटवून घ्यायचं. बाजारचं दाट करायचं पीठ तिला नको होतं, म्हणून नाचणीचं सत्त्व घातलं, आमच्याकडे बाळाला देतात ते. भिजवलेला खजूर आणि सोललेले बदाम वाटून कपड्यातून गाळून घ्यायचे. कडू चॉकलेटची वडी किसून शेवटी विरघळवायची, थोडं साजूक तूप, आणि जायफळ. दालचिनी मी एकदा घातली होती, तिने नाक मुरडलं. वर सायीत साखर घालून ती फेटून एक मऊ ढीग ठेवायचा. चमचा उलटा केला की ते सावकाश घसरायचं. आधी कपभर तिच्या पोटात जायला तासभर लागायचा. हनुवटी खाली, चमचा, गिळ, पुन्हा गिळ, थांब. प्रत्येक कपात एखादा ठसका असायचाच. मग मी तिला पुढे वाकवून पाठ थोपटायचो, तिचे डोळे पाण्याने भरायचे, आणि सगळं शांत झालं की मी परत चमचा भरायचो.

त्या दिवसांत दवाखान्यातला काटा जवळजवळ स्थिर राहिला. ती गिळायला शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही छान करताय." मी घरी येऊन हे फोनवर आमच्या मुलीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, रिक्षावाल्यालाही सांगितलं असावं. निवृत्तीच्या समारंभात नारळ मिळाला होता तेव्हाही मी इतका फुशारलो नव्हतो.

मग एका दुपारी तिने तोंडच उघडलं नाही. मी चमचा ओठाशी नेला, ओठ घट्ट मिटलेले. दुखतंय का विचारलं, मान नाही. मळमळतंय का, नाही. मी चिडलो. इतका वेळ ढवळून केलेलं डोळ्यांदेखत घट्ट होत चाललं होतं. तिची अंघोळ, केस, कपडे करायला घणसोली गावातून एक बाई यायच्या, आमच्याहून वयाने थोड्या लहान, त्या खोलीतून बाहेर आल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून म्हणाल्या, "आज संकष्टी हाय ना. काकींचा उपास असंल."

बायकोने हो म्हणून डोळे मिटले. मी कपाकडे पाहिलं. नाचणी. नाचणी उपासाला चालत नाही.

मला इतका राग आला की मी कप ओट्यावर आपटला. "ज्याने तुझा घसा घेतला त्याच्यासाठी तू नाचणी सोडतेस?" असं म्हटलं. घणसोलीच्या बाई मध्ये पडल्या, "काका, तुमी कशाला आड येताव? काकी देवाचा करतान तं करू द्या." लग्न झाल्यापासून बायकोची संकष्टी चुकली नव्हती, हे मलाही माहीत होतं. राग ओसरल्यावर मी माझ्या नेहमीच्या रस्त्याला लागलो. नियम आहे ना, मग नियमात बसवून काम करून घ्यायचं. आयुष्यभर तेच केलं होतं.

तिचा फोन माझ्याकडेच असायचा. त्यावरून सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मी विचारलं, "उपासाला कोको चालतो का?" अर्ध्या तासात अशी चर्चा उसळली की पाण्याच्या टँकरवरूनही तशी झाली नव्हती. एक म्हणाली, कोको ही बी आहे, बी चालते. दुसरी म्हणाली, मोहरीही बीच आहे, ती कुठे चालते? तिसरी म्हणाली, आमच्यात भगरसुद्धा चालत नाही, तुमचं तुम्ही बघा. चौथीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शेवटी मीच निर्णय दिला, कोको चालेल, पण चॉकलेटची वडी नाही, कारण तिच्या वेष्टनावर काय काय घातलंय ते बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि मला त्यातलं निम्मं कळलं नव्हतं.

दाट करायला आरारूट वापरून पाहिलं, तर दूध शेंबडासारखं तार धरायला लागलं. राजगिऱ्याची कणी जिभेला लागत होती. शेवटी शिंगाड्याचं पीठ वस्त्रगाळ करून तुपावर मंद भाजलं आणि त्यात कोको मिसळला, तेव्हा जमलं. भाजलेल्या शिंगाड्याचा वास चॉकलेटला असा काही साजला की मी थक्क झालो. साखरेऐवजी गूळ, पण गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं, हे दोनदा फाडून शिकलो. जायफळाऐवजी वेलची. पुढच्या उपासाला मी कप तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "घ्या. सर्व अटींची पूर्तता केली आहे." ती एका बाजूने हसली. दुसरी बाजू तोवर हसेनाशी झाली होती. तिने चार-पाच चमचे घेतले.

त्यानंतर उपास वाढत गेले. आधी जुने गुरुवार परत आले, माझ्या बढतीसाठी तिने एके काळी धरलेले. मग एकादशी. मग श्रावण लागला आणि सोमवार आणि शनिवार आले. सकाळी मी विचारायचो, "आज काय?" आणि ती कॅलेंडरकडे पाहायची. बोटांत पेन धरवेनासं झालं होतं, पण नजर बरोबर त्या चौकटीवर जायची. मी खाली जाऊन दुकानातून शिंगाड्याचं पीठ इतकं आणायला लागलो की दुकानदाराने विचारलं, "काका, घरी फराळाचं सुरू केलंत का?"

खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. माणूस उपास करतो म्हणजे काहीतरी मागतो, आणि जो मागतो त्याला जगायचं असतं, असं माझं साधं गणित. डॉक्टरांनी कुठेच औषध नाही म्हटल्यावरही माझी बायको वर अर्ज करते आहे, या विचाराने मला धीर यायचा. तिने आजवर केलेले उपास मी चिडवत आलो होतो, पण त्यातले किती फळले हेही पाहिलं होतं. मुलीच्या परीक्षेचे सोळा सोमवार फळले. माझी बढती फळली. मी देवाचं फारसं करणारा नव्हे, तरी सेक्टरातल्या गणपतीला जाऊन येऊ लागलो, आणि एका सोमवारी तिच्याबरोबर उपासही धरला. दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी बटाट्याचा कीस, मध्ये केळी. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते काही खोटं नाही. त्या दिवशी तिच्या पोटात अर्धा कप गेला होता.

तो अर्धा कप मला खुपायला हवा होता. उपासाच्या दिवशी कमीच खायचं असतं असं मी धरून चाललो. मग श्रावणातल्या एका शनिवारी तिने शिंगाड्याचंही नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, निरंकार का? तिने डोळे मिटले. घणसोलीच्या बाई हात जोडून म्हणाल्या, "काकींचा नवस मोठा हाय." मलाही तसंच वाटलं. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो आणि मनातल्या मनात देवाला म्हणालो की बघ, एवढं कोण करतं.

भाद्रपद लागला तशी हरतालिका आली. तिच्या बोटांना काहीच जमत नव्हतं, म्हणून मीच पाटावर वाळूची पिंड केली, पत्री वाहिली, घणसोलीच्या बाईंनी तिचा हात धरून हळदकुंकू वाहवलं. नवऱ्यासाठी करायचा हा उपास, पाणीसुद्धा न पिता. नवऱ्यानेच मांडामांड केली अशी हरतालिका आमच्या इमारतीत तरी दुसरी झाली नसेल. दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून उपास सोडायला चॉकलेट केलं. तिने दोन चमचे घेतले आणि मान फिरवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. शिंगाडा तळ्यात होतो, त्याला बैल लागत नाही, असा मी युक्तिवाद केला. तिने तोही ऐकला नाही.

मग दवाखान्याची तारीख आली. काट्याकडे पाहून त्या गिळायला शिकवणाऱ्या मुलीने डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर म्हणाले, नळी आता बसवायला हवी. अजून श्वास बरा आहे, पुढे भूल देणं धोक्याचं होईल. मी म्हटलं, "डॉक्टर, श्रावण होता हो. वर हरतालिका. आता मोठे उपास संपले, आता फारसं काही नाही. ती पहिल्यासारखी घेईल, तुम्ही बघाच." डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी पुढच्या आठवड्यातला दिवस दिला आणि म्हणाले, विचार करून कळवा.

मी विचार केला तो असा की त्या दिवसाच्या आत काटा थोडा तरी वर न्यायचा. बुधवार होता. कॅलेंडरची चौकट मी आदल्या दिवशीच पाहून ठेवली होती, तिच्यात तिथीखेरीज काहीही नव्हतं. ना व्रत, ना जयंती, ना कुठल्या गावाची जत्रा. दुपारी मी सगळं मनापासून केलं. दूध अर्ध्यावर आटवलं. नाचणी, खजूर, बदाम, वडीही जास्तच किसली, साय बर्फावर ठेवून फेटली. मुलीने धाडलेला केशराचा डबा फोडला. चमचा हातातून सुटल्यापासून टकटकीऐवजी ती घशातून हुंकार द्यायची, तोही आला नाही, दूध थोडं उतू गेलं, ते पुसलं. वाटलं, तिचा डोळा लागला असेल. वळून पाहिलं तर जागी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी खुर्ची ओढून समोर बसलो, रुमाल लावला, चमचा भरला. ओठ मिटलेले.

"आज काही नाहीये," मी म्हटलं. "बुधवार आहे. कोरा बुधवार."

ओठ मिटलेलेच.

"संकष्टी? नाही, ती गेली. एकादशी? तीही अजून यायची आहे. कुठला उपास आहे आज, मला सांग. मी शिंगाड्याचं करतो. निरंकार असेल तर उद्या करतो. पण उपास कुठला ते तर सांग."

तिने कॅलेंडरकडे पाहिलं नाही. ती माझ्याचकडे बघत राहिली, आणि तेव्हा मला हळूहळू कळायला लागलं. माझ्या आईशी हिचा खटका उडाला की हिचा शनिवार निघायचा. आई सगळ्यांना सांगायची, सून मोठी देवभोळी आहे. पहिलं बाळ गेलं तेव्हा हिने महिनाभर एकभुक्त केलं होतं आणि कुणी तिला एक घास जास्त घे म्हणालं नव्हतं, कारण व्रत होतं. आमच्यासारख्या घरात बाईने ताट सारून "मला नको" म्हटलं तर दहा जण कारण विचारतात. "आज उपास आहे" म्हटलं की एकही विचारत नाही. मग घरातले उलट वाटीभर दही आणून देतात. ती मला सबंध पावसाळाभर नको म्हणत होती, आणि मी शिंगाडे भाजत होतो.

तिला नळी नको होती, त्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला होता. नळी नको म्हणजे माझं चॉकलेट हवं, असा.

"कुणासाठी करतेस?" मी विचारलं. का विचारलं ते सांगता येणार नाही. बाईचा उपास कुणासाठी तरी असतो, मुलासाठी, घरासाठी, म्हणून ते तोंडात आलं. तिचा उजवा हात मांडीवर होता. तिने तो उचलायला घेतला. पहिल्यांदा तो नुसता सरकला. मी मदत करायला गेलो तर तिने मान हलवली, म्हणून थांबलो. मग मनगट वर आलं, वाकडी झालेली तर्जनी थोडी सुटी झाली आणि माझ्याकडे वळली.

मी तिच्याशी भांडलो. जोरजोरात भांडलो, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मला नको तुझा उपास, म्हणालो. मला कसला त्रास आहे, मी थकलोय असं तुला कुणी सांगितलं, म्हणालो. तू गेलीस तर मी करू काय, सकाळी उठून कुणासाठी दूध आटवू, असंही म्हणालो. ती ऐकत होती. तिला ठसक्याची भीती वाटत होती, दर चमच्याला वाटत होती, हे तिच्या चेहऱ्यावर मला त्या वेळी इतकं स्वच्छ दिसलं. माझं लक्ष कप किती रिकामा झाला याकडे असायचं. ठसका तिला लागायचा, आणि पाठ थोपटताना माझे हात कापायचे ते तिला पाठीवर कळत असणार. भांडून झाल्यावर मी रडलो. तिने हात तसाच ठेवला होता, खाली घ्यायला जमत नव्हतं, म्हणून मी तो धरून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या गळ्याचा रुमाल काढला.

कपातलं चॉकलेट निवत चाललं होतं. टाकून द्यायला हात होईना, आमच्याकडे अन्न टाकत नाहीत. मी तिथेच बसून ते चमच्याने खाल्लं. ती बघत होती. मला वाटतं तिला ते मी खावं असं वाटत होतं, निदान तिच्या डोळ्यांत हरकत नव्हती. चव उत्तम झाली होती. इतकं चांगलं मी त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि त्याचा मला फार राग आला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने नेहमीचंच विचारलं, "बाबा, आईने घेतलं का आज?"

"नाही," मी म्हटलं. "तिचा उपास आहे."

"आज बुधवारी? आज कुठला उपास?"

"आहे."

मग म्हणाली, "आणि पुढच्या आठवड्यात नळीसाठी जायचंय ना तुम्हाला? डॉक्टरांना कळवलंत?"

"कळवलं. येत नाही म्हणून सांगितलं."

"बाबा, मग ती उपास सोडणार कधी?"

बायको आतल्या खोलीत पडली होती. दार उघडं होतं आणि तिला सगळं ऐकू जात होतं, कारण कान तिचे अजून शाबूत होते. मी आवाज खाली आणला नाही.

"तू ये," मी म्हटलं. "मिळेल त्या विमानाने ये."